मळखाऊ रंग

जुन्या घराची डागडुजी आणि म्हाताऱ्या माणसाचे औषधपाणी ही दोन्ही कामे एकाच जातीची आहेत. एक दुखणे बरे करावयास जावे, तो दुसरे पुढे येऊन उभे राहते. खानापूर तालुक्यातील आमचे घर आमच्या आजोबांनी बांधले. भिंती जांभ्या दगडाच्या, मातीच्या मालात रचलेल्या आणि वरून चुन्याचा गिलावा दिलेल्या. छप्पर मंगळुरी कौलांचे. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरास कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती लाल कौले किनाऱ्यावरून घाट चढून आमच्यासारख्या खेडेगावांपर्यंत पोहोचली. आमच्याकडे पाऊस चार महिने मुक्कामास असतो. त्या पावसात ही कौले आजवर टिकली, भिंतीही टिकल्या. म्हाताऱ्या झाल्या होत्या त्या घरातील सोयी, आणि त्यांतही स्वयंपाकघर.

हे स्वयंपाकघर घराच्या मागील अंगास आहे. पश्चिमेस एक लहानशी खिडकी, आणि तिच्या तोंडावरच फणसाचे झाड. उजेडाचा खरा आधार म्हणजे छपरात बसविलेले एक काचेचे कौल. आमच्याकडे गॅस १९९६ साली आला. परंतु भाकरी आणि अंघोळीचे पाणी ही अगदी अलीकडेपर्यंत चुलीवरच होत असत. त्यामुळे चुलीमागील भिंत इतकी काळी झाली होती, की मूळचा चुना कोणता रंग घेऊन जन्मास आला होता हे सांगणे कठीण व्हावे. धूर आणि तेल यांचा थरावर थर बसून तिच्यावर डांबरासारखी चमक आली होती. पाहुणे आले की आम्ही त्यांस ओटीवर बसवीत असू. स्वयंपाकघराकडे त्यांस नेण्याचा प्रसंग आम्ही सहसा येऊ देत नसू.

दोन वर्षांपूर्वी नाताळात चिरंजीव आणि सूनबाई घरी आली होती. चिरंजीव पुण्यास नोकरीस आहेत. जेवताना ते म्हणाले, "बाबा, आता आईला धुरात ठेवायचं नाही. ओटा नवा करू या. पैसे मी देतो." असा मुलगा असणे ही देवाची कृपाच. ओट्यासाठी काळ्या ग्रॅनाइटची फरशी घ्यावी यावर पाच मिनिटांत सर्वांचे एकमत झाले. प्रश्न उरला तो ओट्यामागील भिंतीचा. शेगडीच्या मागे, फोडणीचे शिंतोडे जेथे उडतात, तेथे दोन फूट उंचीपर्यंत ज्या टाइल्स बसवतात त्यांस आमचे मेस्त्री 'डॅडो' म्हणतात. हा डॅडो दहा फूट लांब आणि दोन फूट उंच, शिवाय कोपऱ्यातून वळून आलेली दोन फुटांची बाजू. म्हणजे एकूण चोवीस चौरस फूट जागा. एवढ्याशा जागेने आमच्या घरात पुढील कित्येक महिने वाद माजविला.

चिरंजीवांचे मत गडद करड्या रंगाच्या मोठ्या टाइल्सकडे होते. पुण्यातील त्यांच्या मित्राच्या घरी तशा आहेत. मोबाईलवर त्यांनी छायाचित्रे पाठविली आणि खाली लिहिले, "रंग मळखाऊ आहे. काही सांडलं तरी दिसणार नाही." हा मळखाऊ शब्द आमच्या मनात बसला. शाळेत असताना आम्हीही खडूची धूळ दिसू नये म्हणून मळखाऊ रंगाचेच सदरे शिवीत असू. अडतीस वर्षे गणित शिकविले, आणि एकाही सदऱ्याने आमची कधी चुगली केली नाही.

सूनबाई गोव्याच्या, मडगावकडील. त्यांस निळ्या-पांढऱ्या नक्षीची हौस. पोर्तुगालमध्ये अशा टाइल्सला आझुलेजु म्हणतात. मूळ शब्द अरबी, आणि त्याचा अर्थ घासून गुळगुळीत केलेला लहानसा दगड. पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ साली रंगविलेल्या आझुलेजु आहेत. कामोंइश कवीच्या 'लुझियाद' या महाकाव्यातील प्रसंग त्यांवर चितारलेले आहेत. आम्ही त्या प्रत्यक्ष पाहिल्या आहेत. एकेका टाइलवर नुसती एखादी रेघ किंवा निळा ठिपका असतो, आणि चार पावले मागे सरकावे तो त्यांतून जहाजे आणि माणसे उभी राहतात. खरे सांगावयाचे तर सूनबाईंचे मत आम्हांस मनातून पटले होते. आपल्याही घरात निळी नक्षी असावी, आणि आल्यागेल्यास आपण त्या अरबी शब्दाचा अर्थ सांगावा, एवढा मोह आम्हांस झाला हे येथे कबूल करतो.

बेळगावास एका दुकानात गेलो तेव्हा या दोन मतांत आणखी भर पडली. दुकानदार गृहस्थ बोलके होते. आमच्या गळ्यातील क्रूस पाहून त्यांनी आतून एक मोठा संच आणविला. प्रभूचे शेवटचे भोजन, बारा टाइल्सवर छापलेले. "साहेब, तुमच्या लोकांत हा फार जातो," ते म्हणाले. चित्र सुरेख होते. शहरांतील जिन्यांच्या कोपऱ्यांत लोकांनी थुंकू नये म्हणून सर्व धर्मांच्या देवादिकांच्या टाइल्स लावतात, त्यांत आपल्या प्रभूचे आणि मारियामातेचेही चित्र असते. ते पाहून आम्हांस नेहमी अवघडल्यासारखे होते. आम्ही काही बोलण्यापूर्वीच आमची पत्नी हळूच म्हणाली, "प्रभूच्या ताटावर आमच्या फोडणीचे शिंतोडे कशाला?" त्या दिवशी दुकानात ती बोलली ते एवढेच एक वाक्य. आम्ही ते विनोद म्हणून ऐकले आणि हसलो.

नंतर दुकानदारांनी पांढरा संगमरवर दाखविला. तो मात्र आम्हीच नाकारला. संगमरवर म्हणजे चुनखडीचेच एक रूप, आणि आंबट पदार्थ चुनखडी खातो. ज्या घरात रोज चिंच, कोकम आणि लिंबू यांचा वापर, तेथे त्याची झिलई किती दिवस टिकणार?

येथून आमच्यातील शिक्षक जागा झाला. टाइल म्हणजे नेमके काय, याचा आम्ही पाठच घेतला. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइलचे अंग सच्छिद्र असते. आपल्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी ती शोषू शकते. वरचा काचेसारखा लेप तेवढा तिचे रक्षण करतो. विट्रिफाइड टाइल अर्धा टक्काही पाणी घेत नाही. ती बळकट खरी, पण पाणी घेत नाही म्हणूनच साध्या सिमेंटलाही ती नीट धरत नाही, तिला वेगळा चिकट मसाला लागतो. ओट्यामागील भिंतीवर कोणी चालत नाही, जड वस्तू पडत नाही, तेव्हा तेथे साधी सिरॅमिक पुरेशी आहे. देशातील बहुतेक टाइल्स गुजरातेत मोरबी येथे तयार होतात. आमच्या खानापूरची माती मडक्यांसाठी आणि कौलांसाठी नामांकित असताना आमच्या भिंतीसाठी माती हजार किलोमीटरांहून दूर भाजली जावी, याची मौज वाटली.

मग सांध्यांचे गणित मांडले. टाइलला डाग पडत नाही, तो पडतो सांध्याला. हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र लगेच उतरतो, आणि ते पिवळे तेल सिमेंटच्या सांध्यात शिरले की साबणाला दाद देत नाही. सूनबाईंच्या चार इंची नक्षीदार टाइल्स घेतल्या तर आमच्या चोवीस चौरस फुटांत त्या दोनशे सोळा लागतील, आणि सांध्यांची एकूण लांबी सुमारे एकशे चव्वेचाळीस फूट भरेल. आठ इंच बाय बारा इंचांची साधी टाइल घेतली तर नग छत्तीस, आणि सांधे सुमारे साठ फूट. म्हणजे रोज घासावयाची रेघ चौऱ्याऐंशी फुटांनी कमी. हे गणित आम्ही जेवणाच्या टेबलावर सर्वांस मोठ्या अभिमानाने समजावून सांगितले. त्या रेघा घासणार कोण, याचा मात्र आम्ही तेव्हा विचार केला नाही.

पत्नीस आम्ही विचारले नव्हते असे नाही. एकदा नव्हे, तीनदा विचारले. तिन्ही वेळा तिने भाकरी थापता थापता एकच उत्तर दिले, "अहो, तुम्हांला आवडेल ते घ्या." १९८० सालापासून आम्ही हे उत्तर ऐकत आलो आहोत. त्यास आम्ही संमती समजत आलो, आणि तीच तिची आवड असेही समजत आलो. निळ्या टाइल्सची आगाऊ रक्कम द्यावयाची एवढेच बाकी होते.

परंतु मध्येच दुसरे काम निघाले. गेल्या वर्षी ऑक्टोबरात पत्नीच्या डाव्या डोळ्यातील मोतीबिंदू काढावा लागला. उजव्याचा पूर्वीच काढला होता. डॉक्टरांनी बजावून सांगितले, तीन आठवडे चुलीजवळ जावयाचे नाही, शेगडीची वाफ आणि फोडणीचा खकाणा डोळ्यांस लागू द्यावयाचा नाही. सूनबाईंना रजा नव्हती. तेव्हा स्वयंपाकाचा भार आमच्यावर आला. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आम्ही आपल्याच स्वयंपाकघरात उमेदवार म्हणून दाखल झालो. पडवीत खाटेवर बसून पत्नी सूचना देई आणि आत आम्ही त्या अमलात आणीत असू.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. काचेच्या कौलातून येणारा उजेड पाठीमागून येतो. शेगडीसमोर उभे राहावे तो आपल्याच अंगाची सावली नेमकी पातेल्यावर पडते, आणि समोरची काळी भिंत उरलासुरला उजेडही गिळून टाकते. मोहरी तडतडली की जळली हे आम्हांस दिसेना, वासावरूनच कळे, आणि वास येईपर्यंत उशीर झालेला असे. तीन दिवस आम्ही जळकी आमटी खाल्ली. चौथ्या दिवशी पत्नीस विचारले, "अगं, इतकी वर्षं तुला दिसत कसं होतं?"

ती म्हणाली, "दिसत कुठं होतं? हाताला ठाऊक होतं."

यावर काय बोलावे हे आम्हांस सुचले नाही. आम्ही आत गेलो आणि पुन्हा त्या भिंतीसमोर उभे राहिलो. तोवर आम्ही त्या भिंतीकडे दारातून पाहिले होते, फूटपट्टी घेऊन पाहिले होते, दुकानातील नमुने तिला लावून पाहिले होते. तिच्यासमोर उभे राहून मात्र कधी पाहिले नव्हते. उभे राहिल्यावर कळले, की उलथने टांगावयाचा खिळा बरोबर तिच्या हाताच्या उंचीवर आहे, आमच्या नव्हे. शिंतोडे कोठवर उडतात हेही दिसले. भिंत जेथे पुन्हा पुन्हा पुसली गेली होती, तेथे काळा थर किंचित पातळ होता. इतक्या काळ्या भिंतीलाही कोणीतरी रोज फडके लावीत होते.

दुसऱ्या आठवड्यात धान्य पाखडावयाचे सूप काढण्यासाठी हात घातला तेव्हा त्यामागे, चुलीच्या डाव्या अंगास, काही रेघा दिसल्या. प्रथम वाटले, मुलांनी लहानपणी गिरगटले असेल. चष्मा पुसून पाहिले. सुरीच्या टोकाने काजळीचा थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा केलेला होता. काळ्या फळ्यावर खडूने लिहावे तशा त्या उभ्या रेघा, एका खाली एक, ओळीने. प्रत्येक ओळीवरून एक आडवी रेघ ओढलेली. आमची सवय जाईना, आम्ही त्या मोजल्या. सात ओळी भरल्या. तीस, एकतीस, एकतीस, तीस, एकतीस, तीस, एकतीस. एकूण दोनशे चौदा. जून ते डिसेंबर हे सात महिने असे भरतात.

संध्याकाळी तिच्या डोळ्यांत औषध घालताना आम्ही विचारले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सत्त्याऐंशी साली शाळेचा पगार अडकला होता ना तुमचा, जूनपासून नाताळापर्यंत. तेव्हाचं दूध आहे ते."

आमच्यासमोर ते वर्ष उभे राहिले. घरात दोन लहान मुले होती आणि वडील अंथरुणास खिळलेले. किराणा उधारीवर येई हे आम्हांस ठाऊक होते, कारण ती वही आमच्या हातची होती. दुधाचे काय, हा प्रश्न आम्ही कधी विचारल्याचे आठवत नाही. सकाळी चहात दूध असे, वडिलांच्या पेल्यात असे, मुलांच्या वाटीत असे, तेव्हा ते कोठून तरी येत असणार एवढेच आम्ही धरून चाललो होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगून दूध थोडंच आलं असतं? तुम्ही रात्र रात्र जागत होता. गवळणमावशी म्हणाल्या, रेघ मार, फेडशील तेव्हा फेड. त्यांना लिहिता येत नव्हतं. रेघ त्यांनाही कळायची."

"आणि फेडलं कसं?"

"वाकळा शिवल्या. दुपारी तुम्ही शाळेत असताना. एक महिना फिटला की एक आडवी रेघ. मावशींनी एक थेंब कमी दिला नाही, आणि मीही एक दिवस बुडवला नाही."

पुढे जानेवारीत आमचा थकलेला पगार एकदम हाती आला. सोसायटीचे कर्ज आणि वडिलांचे औषध यांत तो गेला, हे आमच्या वहीत लिहिलेले आहे. ती वही आम्ही आजही जपून ठेवली आहे, आणि आपण हिशेबाला पक्के आहोत अशी आमची समजूत होती. त्याच वर्षाचा दुसरा हिशेब आमच्या घरात भिंतीवर उघडा लिहिलेला होता. अक्षर वाचावयास शिकविणे हा आमचा धंदा, आणि हा फळा आम्ही छत्तीस वर्षांत वाचला नाही.

त्या रात्री आम्ही निळ्या टाइल्सचा विषय मनातून काढून टाकला. दुसऱ्या दिवशी चहा घेऊन पडवीत गेलो, खाटेशेजारी बसलो आणि चौथ्यांदा विचारले. या वेळी कोणती टाइल आवडते असे विचारले नाही. विचारले, "त्या भिंतीसमोर तू उभी राहतेस. समोर काय असलं म्हणजे तुला बरं होईल?"

उत्तर यावयास वेळ लागला. आले तेव्हा ते इतके तयार होते, की ते पुष्कळ दिवस तिच्यापाशी होते हे आम्ही ओळखले.

"काळी नको," ती म्हणाली, "उजेड खाते. पांढरीशुभ्रही नको. डोळ्याचं झाल्यापासून पांढरं फार टोचतं, निळसर दिसतं. फार चकचकीत नको, ट्यूबलाईट त्यात दिसून डोळ्यांवर येते. खरखरीतही नको, तेल धरून ठेवते. नक्षी नको. नक्षीत डाग कुठला आणि फूल कुठलं हे मला आता कळायचं नाही."

"चिरंजीव म्हणतात मळखाऊ रंग घ्यावा. काही दिसायचं नाही."

"तेच तर नको आहे मला. मळ दिसला तर पुसता येतो. दिसला नाही तर तो जातो थोडाच? तिथंच बसतो आणि वर भिंत स्वच्छ दिसते. चाळीस वर्षं मी मळखाऊ भिंतीसमोरच उभी होते. आता मला डाग दिसणारी भिंत द्या."

आम्ही खिशातील कागदावर हे सर्व उतरवून घेतले. विद्यार्थ्याने उतरवून घ्यावे तसे. डिसेंबरात तिला घेऊन पुन्हा बेळगावास गेलो. दुकानदारांनी पुन्हा नक्षी दाखविली, पुन्हा मोठमोठ्या टाइल्स दाखविल्या. पत्नीने नमुन्यांपैकी चार टाइल्स काढल्या आणि दुकानाच्या दिव्याखाली न पाहता त्या बाहेर पायरीवर नेऊन उजेडाकडे पाठ करून पाहिल्या. मग आपल्या पिशवीतून तिने एक लहानशी बाटली काढली. तीत हळद घातलेले तेल होते. एकेका टाइलवर बोटाने एक ठिपका लावला, थोडा वेळ थांबली, पदराने पुसला आणि बोट फिरवून पाहिले. दुकानदार पाहतच राहिले. इतक्या वर्षांत अशी परीक्षा घेणारे गिऱ्हाईक आले नव्हते असे ते म्हणाले. चारांपैकी एक पास झाली. रंग दुधावरील सायीचा, चमक अगदी मंद, आकार आठ बाय बारा. निवडलेल्यांत सर्वांत स्वस्तही तीच निघाली.

आम्ही चाळीस नग घेतले. छत्तीस भिंतीसाठी, आणि चार तुटफुटीसाठी. वाचकांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवावी. टाइल्सच्या प्रत्येक भाजणीचा रंग किंचित वेगळा पडतो. सर्व खोक्यांवरील रंगाचा क्रमांक एकच आहे ना हे पाहून घ्यावे, आणि दोनचार नग जास्तच घ्यावेत, कारण पुढे एखादी फुटली तर जुळणारी मिळत नाही. पैसे वाचले होते ते आम्ही सांध्यांवर घातले. सिमेंटऐवजी इपॉक्सीचा सांधा भरविला. तो महाग पडतो, पण तेल पीत नाही.

मेस्त्री अनुभवी होते. चिरंजीवांची इच्छा होती की टाइल्स थेट छपरापर्यंत न्याव्या. मेस्त्रींनी ओळंबा खाली ठेवून सांगितले, "सर, ही चुन्याची भिंत आहे, ती श्वास घेते. पावसाळ्यात ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. सगळी झाकली तर ओल कोंडेल आणि दुसरीकडून गिलावा फुगवून बाहेर येईल. दोन फूट लावा, वरती चुनाच असू द्या." आम्ही त्यांचे ऐकले. तेलकट काजळीवर सिमेंट धरत नाही, म्हणून जुना गिलावा दगडापर्यंत फोडणे मात्र भाग होते.

गिलावा फोडण्याच्या दिवशी आम्ही मेस्त्रींस बाजूला घेऊन म्हटले, की डाव्या अंगाची वीतभर जागा तशीच राखता येईल काय. काच लावून ठेवावी असेही मनात होते. पत्नीने ते ऐकले. ती आत आली आणि म्हणाली, "फेडलेलं कर्ज भिंतीवर ठेवायचं नसतं. मेस्त्री, तिथूनच सुरुवात करा."

मेस्त्रींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मान हलविली. छिन्नीच्या दहाबारा घावांत जून गेला, जुलै गेला, आणि शेवटी डिसेंबरही गेला. चुन्याचे ते तुकडे बाकीच्या राबिटाबरोबर घमेल्यातून फणसाखाली पडले. आम्ही त्यांतील एकही उचलून ठेवला नाही.

पुढील काम सुमारे पंधरवडा चालले. नवा गिलावा झाला, आठवडाभर त्यावर पाणी मारले, टाइल्स रात्रभर पाण्यात भिजत घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी पाणसळ लावून मेस्त्रींनी शेवटची टाइल बसविली. तोवर स्वयंपाक पडवीत तीन दगडांवर होत होता. काम संपल्यावर फादर येऊन घर आशीर्वादून गेले. पवित्र पाण्याचे थेंब नव्या भिंतीवर चमकत राहिले, आणि त्या दिवशी ते कोणी पुसले नाहीत.

आता काचेच्या कौलातून येणारा उजेड भिंतीवर पडतो आणि तेथून परतून पातेल्यात उतरतो. मोहरी तडतडताना दिसते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. तीन आठवड्यांची उमेदवारी संपली तरी सायंकाळची आमटी आमच्याकडेच राहिली आहे. नव्या भिंतीवर पहिला डाग पडला तो आमच्याच हातून. हळदीचा, दोनआण्याएवढा, तिसऱ्या टाइलवर. चार पावलांवरूनही तो दिसत होता. पत्नी पडवीत तांदूळ निवडीत बसली होती. आम्ही फडके घेतले आणि पुसून टाकला.

वाचक बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळांची घरे जुनी आहेत, आणि मुले कमावती झाली की प्रथम स्वयंपाकघराचेच काम निघते. टाइल्स कोणत्या घ्याव्यात हे ज्याने त्याने ठरवावे. आमची एवढीच विनंती, की पैसे देण्यापूर्वी घरच्या कर्त्या पुरुषाने त्या भिंतीसमोर तीन दिवस स्वतः उभे राहून स्वयंपाक करावा. आणि तेथे जी रोज उभी राहते तिला विचारल्यावर "तुम्हांला आवडेल ते" असे उत्तर आले, तर ते घेऊन उठू नये. आणखी थोडा वेळ बसावे.